खांदेकरी

आमच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप पाहुण्यांना जात नाही, आमच्या घरी येतो. रात्रीचे दोन वाजलेले असोत की भर पावसातली दुपार, कडी वाजते. उंबऱ्याबाहेर उभा असलेला माणूस एवढंच म्हणतो, "काकी, भाऊ आहे का घरात? आमचे म्हातारे गेले." तो आत येत नाही, बसत नाही, पाणी मागत नाही. आमच्यापैकी कुणीतरी उठतं आणि पडवीत आढ्याखाली बांधून ठेवलेले दोन बांबू खाली काढतं.

बांबू, आडव्या पट्ट्या, सुंभाची दोन वेटोळी, दोन मडकी, मांजरपाटाचं ठाण, गोवऱ्या आणि बुक्क्याची पुडी. एवढं सामान आमच्या पडवीत बारा महिने असतं. घरामागच्या खोपीत आठ-दहा मण लाकूड पेंढ्याखाली कोरडं ठेवलेलं असतं. एका सरणाला तेवढं लागतंच. अलिबाग तालुक्याच्या उत्तर भागातलं हे किनाऱ्यावरचं गाव. इथे पावसाळ्याचे चार महिने कोरडं लाकूड म्हणजे सोनं. आमच्याकडे दुकान नाही, पाटी नाही, आणि या कामाचा एक पैसाही तीन पिढ्यांत घरात आलेला नाही. ज्याच्या घरचं मयत, त्याने होळीच्या आत तेवढंच लाकूड आमच्या खोपीत आणून टाकायचं. कुणी आंब्याची फांदी आणतं, कुणी सुरूचे ओंडके, ज्याच्याकडे झाड नाही तो सोडणं आणि झावळ्या देतो. हिशेब असा असतो.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने एकदा तिकडच्या 'फ्युनरल होम'चं वर्णन केलं होतं. एकाच कुटुंबाच्या चार-चार पिढ्या तो व्यवसाय करतात. माणूस जिवंतपणीच तिथे जाऊन आपली पेटी निवडतो, गाणी कुठली लावायची ते सांगतो, हप्त्याने पैसे भरतो. निवृत्त सैनिकांसाठी वेगळी सोय असते, झेंडा कसा घालायचा, कोण घडी करणार, कुणाच्या हातात देणार, सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं. तो म्हणाला, "मामा, तुमचं घरही तसंच की. फक्त बिल देत नाही तुम्ही." तेव्हा हसलो होतो. पुढे आबांची वही नीट वाचली, तेव्हा कळलं की अमेरिकेतला तो धंदा आणि आमच्या पडवीतले बांबू या दोन्हींची मुळं युद्धात आहेत. फरक एवढाच, की तिकडे युद्धात मेलेल्या माणसांना घरी आणायचं होतं. आमच्याकडे ती कधी आलीच नाहीत.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची ती वही निळ्या कापडी पुठ्ठ्याची आहे. पहिली नोंद जुलै १९४७ ची. तारीख, नाव, वय, लाकूड किती, अग्नी कुणी दिला, आणि शेवटच्या रकान्यात 'खांदा', म्हणजे घरून निघताना पहिल्या चार जागी कोण होते. फौजेतली शिस्त. त्या वहीवरूनच हे लिहितो आहे. पण वही सुरू होण्याच्या आधी ही कामं कोण करत होतं, ते आधी सांगायला हवं, कारण ते वहीत नाही.

या किनाऱ्यावर प्रत्येक समाजाने आपापलं मरण आपापल्या परीने सांभाळलं. आमच्यापासून थोड्या अंतरावर नवगाव. बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावाजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेले देह तिथल्याच मातीत पुरले. म्हणजे या किनाऱ्यावर त्यांच्या इतिहासाची सुरुवातच एका सामुदायिक दफनाने होते. आमचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. पुढे त्यांच्यातले पुष्कळ जण कंपनी सरकारच्या पलटणीत गेले. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर हे असेच फौजी अधिकारी होते. कोकणी मुसलमानांचा जनाजा मशिदीतून निघायचा, आणि तिथे खांदा देणं हे पुण्य, म्हणून वाटेत खांदे सतत बदलत. कोळीवाड्यात मयत झालं की त्या दिवशी होड्या समुद्रात जात नसत.

आमच्या, म्हणजे मराठा-कुणबी-आगऱ्यांच्या मयताचं मात्र एक गुपित होतं, ते उघड असूनही कुणी बोलायचं नाही. खांदा आमचा असायचा, पण त्याआधीची आणि नंतरची सगळी कष्टाची कामं महारवाड्याची. मरणाचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जायचं ते महारांनी. उन्हात, पावसात, खाडी ओलांडून दहा-दहा कोस. सोयऱ्यांच्या दाराशी लांब उभं राहून ओरडून सांगायचं आणि शिळी भाकरी घेऊन परत फिरायचं. सरणाची लाकडं फोडून मसणात टाकायची तीही त्यांनीच. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. आणि हे करणाऱ्याला आमच्या मसणवटीत स्वतःचा माणूस जाळायची मुभा नव्हती. त्यांची जागा वेगळी होती. खाडीच्या खारबंदिस्तीला लागून, उधाणाचं पाणी शिरतं तिथे.

गंमत अशी की याच रायगड जिल्ह्याने हे चित्र उलटवायला सुरुवात केली, आणि त्यात फौजेतून पेन्शन घेऊन आलेले लोक पुढे होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तिच्याविरुद्ध त्यांनी अर्ज लिहिले, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. मग मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद झाली. २० तारखेला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या परिषदेनंतर मेलेली ढोरं ओढणं, मृतमांस खाणं सोडण्याची लाट गावोगाव गेली. सांगावा नेणंही हळूहळू थांबलं. शेवटी १९५८ च्या कायद्याने महार वतनच रद्द झालं. कागदावर एवढंच. पण गावात त्याचा अर्थ असा होता, की आता आपल्या बापाचं सरण आपल्यालाच वाहायचं आहे. ते कसं करतात हे आमच्या लोकांना माहीतच नव्हतं. माहीत होतं ते आबांना.

आबा १९४० साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि १९४६ साली परत आले. मधली वर्षं आफ्रिका आणि इटली. युद्धाच्या गोष्टी ते सांगत नसत. सांगत ते थंडीच्या, बर्फाच्या, खेचरांच्या. एकच गोष्ट त्यांनी बाबांना पुन्हा पुन्हा सांगितली होती. कंपनीतलं कुणी पडलं की त्याला उचलायला जवळ जो असेल तो जायचा. "स्ट्रेचरला दोन दांडे असतात. तिथे कोण विचारतो पुढचा कुठला नि मागचा कुठला?"

इटलीत पडलेल्या हिंदू-शीख शिपायांना जमेल तेव्हा अग्नी दिला गेला. त्यांची नावं सांग्रो नदीकाठी, फोर्ली आणि रिमिनी इथे दहनस्मारकांवर कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धापासूनच ब्रिटिशांचा नियम होता की कुणाचाही देह मायदेशी न्यायचा नाही, लॉर्डाचा मुलगा असो की शिपाई. जिथे पडला तिथेच. अमेरिकेत याच्या उलट झालं. तिथल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ मध्ये, मेलेल्या सैनिकांना रेल्वेने घरी पोचवायचं म्हणून देह औषधं भरून टिकवण्याची रीत पसरली. नंतर अध्यक्ष लिंकनचा देह गाडीने गावोगाव फिरला आणि लोकांनी ती रीत डोळ्यांनी पाहिली. पुढच्या काळात तिच्यावरच तिकडची अंत्यविधीची घराणी उभी राहिली.

आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा वीर घ्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच झोडपून मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा आहे. पण देहाची जागा ठाऊक नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, घरापासून हजारो कोस दूर. ज्यांना पदक मिळालं नाही त्यांच्या गावी काय आलं असेल? एक तार, थोडे पैसे, कधीतरी एक ट्रंक. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने काही गावांत दगडी पाट्या बसवल्या, त्यांवर गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत एवढे आकडे आहेत. नावंसुद्धा नाहीत.

देह नसेल तर करायचं काय, याला शास्त्रात उत्तर आहे. दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसासाठी आमच्याकडे बारा वर्षं वाट पाहतात, कायदा सात वर्षं म्हणतो. ही बारा वर्षं बाईने कुंकू लावायचं की नाही, हे मात्र ना शास्त्र धड सांगत, ना कायदा.

आबा घरी येऊन वर्ष झालं आणि 'रामदास' बुडाली.

१७ जुलै १९४७, आषाढाची अमावास्या. मुंबईत कामाला असलेली माणसं सणाला घरी निघालेली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी बोट सकाळी सुटली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. समुद्रात असलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी काही जणांना ओढून वर काढलं, काही पोहत मुंबईच्या बाजूला लागले. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. बाकी देशाच्या इतिहासात १९४७ चा जुलै म्हणजे फाळणीच्या वाटाघाटी. आमच्या किनाऱ्यावर मात्र म्हाताऱ्या माणसाला 'सत्तेचाळीस साल' म्हटलं की आधी रामदास आठवायची.

आजी सांगायची, दुसऱ्या दिवसापासून माणसं लागायला लागली. 'लागणं' हा आमच्याकडचा शब्द, भरतीबरोबर जे किनाऱ्यावर येतं ते 'लागतं'. ओंडका लागतो, पिंप लागतं, तशी माणसं. फुगलेली, माशांनी खाल्लेली, अंगावर सणाचे कपडे. कुणाच्या कमरेला नवी करगोटी, कुणाच्या मुठीत पिशवीचा बंद. ओळख पटली तर नातेवाईक घेऊन जात. न पटली तर हात कोण लावणार? गावाने ठरलेल्या वहिवाटीने महारवाड्याकडे निरोप पाठवला. तिकडून दोघे जण आले. आणि त्यांच्याबरोबर, कुणीही न बोलावता, आबा वाळूत उतरले. आजी म्हणायची, "सगळा गाव बांधावर उभा होता नाकाला पदर लावून. ह्यांनी धोतराचा काचा मारला, आणि गेले. मला वाटलं आता घरात कसं घ्यायचं यांना?"

वहीची पहिली चार पानं त्या आठवड्याची. नावाच्या जागी 'बेवारस, पुरुष', 'बेवारस, बाई, हातात हिरव्या बांगड्या', असं लिहिलं आहे. खांद्याच्या रकान्यात आबांचं नाव आणि त्या दोघांची. तिथे जात लिहिलेली नाही, फक्त नावं.

त्या दोघांपैकी एक जण महार रेजिमेंटमध्ये होते. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, जवळजवळ अर्ध्या शतकाची बंदी संपून. पहिल्या महायुद्धात १११ व्या महार पलटणीपुरती ती उठली होती, पण ती पलटणही थोड्याच वर्षांत मोडली. हे हवालदार होते, आणि आमचे बाबा त्यांना 'हवालदारकाका' म्हणत. दोघं फौजी संध्याकाळी बंधाऱ्यावर बसून विड्या ओढत. काका आमच्या अंगणापर्यंत येत, पडवीत नाही. आबा त्यांच्या घरात जाऊन चहा पीत. गावात त्याची चर्चा व्हायची, पण फौजेतून आलेल्या माणसाचं डोकं थोडं फिरलेलं असतं असं म्हणून लोक सोडून देत.

१९६१ च्या जुलैत हवालदारकाका वारले. तोवर वाडीने धम्म घेतला होता, वतन गेलं होतं, गावची लाकडं फोडणं बंद झालं होतं. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. त्यांची खाडीकाठची जागा उधाणाच्या पाण्याखाली. वरच्या मसणवटीत न्यावं का, असा विषय निघाला. चार कर्त्या माणसांनी 'नाही' म्हटलं नाही, फक्त 'बघू' म्हटलं. या 'बघू'चा अर्थ वाडीला बरोबर कळत होता.

आबांनी वाद घातला नाही. घरासाठी साठवलेलं कोरडं लाकूड त्यांनी खोपीतून काढलं, बाबांच्या आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि बंधाऱ्यावर नेऊन टाकायला लागले. पाच-सहा खेपा झाल्या. मग आमच्या आळीतले दोघे-तिघे आले, एक कोळी आला. ओहोटी लागेपर्यंत सगळे तिरडीजवळ डोक्यावर इरली घेऊन बसून राहिले. पाणी उतरलं तसा ओटा उघडा पडला. त्यावर आधी सुरूचे ओंडके, मग सरण. वरून पत्रे धरले. भरतीची वेळ आबांनी काढून ठेवली होती. अग्नी पेटल्यापासून पाणी परत चढेपर्यंत पाच तास होते. तेवढ्यात झालं. वहीत त्या दिवसाच्या नोंदीत लाकडाच्या रकान्यात 'घरचे' असा एक शब्द आहे.

भावकीने आम्हाला वाळीत टाकलं नाही. पण गणपतीला त्या वर्षी आमच्याकडे आरतीला कुणी आलं नाही. आणि दसऱ्यानंतर ज्याने सर्वांत मोठ्याने 'बघू' म्हटलं होतं, त्याचीच आई वारली. लाकूड फोडायला माणूस नाही, सांगावा न्यायला माणूस नाही, तिरडी कशी बांधतात ते घरात कुणाला ठाऊक नाही. रात्री आमची कडी वाजली. तेव्हापासून ती वाजते आहे.

पुढची तीस वर्षं बाबांची. त्यांच्या काळात मयताची आखणी म्हणजे मुख्यतः मुंबईची वाट पाहणं. प्रत्येक घरातला एक तरी कर्ता मुलगा गिरणीत, गोदीत नाहीतर पोलिसात. तार करायची, ती पोचायची, तो रजा काढणार, लाँच पकडणार. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणजे पनवेलवरून एसटीने वळसा. तोवर देह ठेवायचा कसा? कोळीवाड्यात मासळीसाठी बर्फ असायचा. बाबांनी तो आणायला सुरुवात केली. भाताच्या तुसात गुंडाळलेली लादी बैलगाडीतून यायची, तिचे तुकडे देहाभोवती रचायचे. कोळी त्या बर्फाचे पैसे घेत नसत. बाबांना एसटीचं वेळापत्रक पाठ होतं आणि भरती-ओहोटीचंही. "मुलगा साडेचारच्या गाडीने येतोय, पाणी सहाला लागतंय. पाचला उचलायचं," असं ते सांगत, आणि पाचला उचललं जाई. विसाव्याचा दगड कुठला, तिथे तिरडीची दिशा कशी बदलायची, मडक्याला भोक किती वेळा पाडायचं, जीवखडा दहाव्यापर्यंत कुठे ठेवायचा, हे भटजीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भात कुणाकडून जाणार, तेही तेच ठरवत.

आबा १९९४ साली गेले. शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतःची आखणी स्वतः केली होती. लाकूड कुठलं घ्यायचं, बँड लावायचा नाही, तेराव्याचं जेवण साधं. झेंड्याचा विषय बाबांनी काढला. शेजारच्या गावात एका पेन्शनराच्या देहावर पोरांनी तिरंगा घातला होता. आबा म्हणाले, "झेंडा सरकारचा. सरकार घालेल तर घालावा, आपण घालू नये." नियमही तोच आहे. शासकीय इतमामात किंवा लष्करी अथवा निमलष्करी दलाच्या मानवंदनेत अंत्यसंस्कार होत असेल तरच राष्ट्रध्वज देहावर घालतात. केशरी पट्टा डोक्याकडे. आणि तो सरणावर जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. पुष्कळ घरांत हे माहीत नसतं, आणि प्रेमापोटी अवमान घडतो. म्हणून पेन्शनरचं घर असलं की मी हे आधी सांगतो. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद एका पिशवीत काढून ठेवा, हेही सांगतो, कारण मागे राहिलेल्या बाईला दुसऱ्याच महिन्यात त्यांची गरज पडते.

आबांनी एकच गोष्ट हट्टाने मागितली होती. पहिल्या चार खांद्यांत हवालदारकाकांचा मुलगा असावा, पुढच्या उजव्या बाजूला. पुढची उजवी जागा भावकीतल्या थोरल्याची. ज्या काकांचा तो मान होता ते अंगणात उठून उभे राहिले. बाबा शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही मागची डावी घ्या. आबांची तिरडी आहे, आबांनी सांगितलंय." अंगण गप्प. काका क्षणभर थांबले आणि मागे गेले. आसपासच्या गावांतले सात-आठ जुने फौजी पदकं लावून आले होते. बिगूल नव्हता. एकाने 'सावधान' म्हटलं, सगळ्यांनी सलाम केला, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हटलं. तेवढीच मानवंदना. वहीत ती नोंद बाबांच्या अक्षरात आहे. खांद्याच्या रकान्यात चार नावं.

पाच वर्षांनी कारगिल झालं आणि सैनिकाच्या मरणाची रीतच बदलली. त्याआधी बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, प्रत्येक वेळी बहुतेक शिपायांना सीमेजवळच अग्नी मिळाला होता. डिसेंबर १९७१ मध्ये दीवजवळ 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक अरबी समुद्रातच राहिले. गावी यायची ती तार. कारगिलपासून देह घरी येऊ लागले. एका बाजूने हा केवढा दिलासा, आईला चेहरा दिसतो. दुसऱ्या बाजूने, ज्या गावाने कधी शवपेटी पाहिली नाही त्याला एका रात्रीत सगळं उभं करावं लागतं. जिल्हा सैनिक कार्यालयाचा फोन येतो, तहसीलदार येतात, गाडी कुठपर्यंत येईल ते पाहायचं, ओटा बांधायचा, गर्दीला दोर लावायचे. आमच्या पंचक्रोशीत अशी वेळ आली तेव्हा माझ्याकडे निरोप आला. मी जाऊन पाहिलं, माझे बांबू तिथे लागणार नव्हते. पेटी जवानांच्या खांद्यावर होती. बंदुका उलट्या, बिगुलावर 'लास्ट पोस्ट', हवेत फैरी, तिरंग्याची घडी बायकोच्या हातात. सगळं आखीव. पण पेटी उघडून देह सरणावर ठेवायची वेळ आली आणि घरातल्या माणसांचे हात थरथरायला लागले. त्या क्षणी सरकारची आखणी संपते आणि गावाची सुरू होते. सरणाच्या वरच्या लाकडांत हात कुठे घालायचा, मुलाला अग्नी कुठल्या बाजूने द्यायला लावायचा, बायकोला किती वेळ थांबू द्यायचं, ते कुठल्याही परिपत्रकात नसतं.

२०२० साल आलं ते दोन्हीकडून मारायला. कोरोनामुळे मयताला वीस माणसांची मर्यादा, आणि ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आपटलं. दुपारभरात वाड्या झोपल्या. आजीने लावलेली आंब्याची झाडं, नारळ, पोफळी, सगळं आडवं. ग्रामपंचायतीने बांधलेल्या स्मशानशेडचे पत्रे दोन शेतं पलीकडे सापडले. ती शेड सगळ्या गावाची एकच आहे, नव्वदच्या दशकात झाली, वरच्या मसणवटीत. बौद्धवाडीही तिथेच येते. त्या पावसाळ्यात गावात माणसं जास्त गेली आणि लाकूड मात्र कधी नव्हे एवढं होतं. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांनीच ओंडके तोडून खोपीत आणून टाकले. पुढची तीन वर्षं आमच्या गावातली माणसं निसर्गाने पाडलेल्या आंब्यांवर जळली. काही वेळा खांद्याला चार माणसं मिळत नव्हती. घरचा एक, मी, आणि पीपीई घातलेले वाडीतले दोन तरुण. कोण कुणाचा ते मास्कमुळे कळतही नव्हतं. तरी मी प्रत्येक नाव विचारून लिहिलं.

आता अलिबागच्या दुकानात तिरडीचं सगळं सामान एका पिशवीत मिळतं, शीतपेटी फोनवर येते, वैकुंठरथ दारात उभा राहतो. बर्फाच्या लाद्या गेल्या, सांगावा व्हॉट्सॲपवर जातो. हे चांगलंच आहे, त्यात कुणाचे पाय झिजत नाहीत आणि कुणाचा अपमान होत नाही. माझा मुलगा पुण्याला असतो. तो हे काम करणार नाही, आणि मी त्याला सांगणारही नाही. गेल्या वर्षापासून हवालदारकाकांचा नातू माझ्याबरोबर येतो. तोही फौजेतून निवृत्त झाला आहे. तिरडी माझ्यापेक्षा घट्ट बांधतो, आणि बांधून झाल्यावर पडवीतच बसून चहा घेतो. मागच्या महिन्यापासून वहीत नोंदी त्याच्या अक्षरात आहेत.